सरोदनंतर कोणती

हॉलची भिंत ओली झाली नसती, तर लतिकाने त्या रॅकला कधी हात लावला नसता. रॅक ढुंढिराजांचा, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत सागवानी कप्पे आणि त्यांत उभ्या लावलेल्या सातशेच्या आसपास रेकॉर्ड्स. नोट प्रेसमध्ये नोकरीला लागल्यापासून ते त्या जमवत आले होते. काही भद्रकालीच्या जुन्या बाजारातून, काही मनमाडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डकडून, काही पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांत. नाव काढलं की हात बरोबर त्या जागी जायचा. रेकॉर्ड्स कशा लावल्यात, हे मात्र लतिकाला कधी उमगलं नव्हतं. नाट्यगीतांच्या शेजारी सतार, सतारीच्या शेजारी कव्वाली, मग एकदम लहान मुलांची गाणी. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला रोज ते समोर दिसायचं आणि रोज ती मान वळवून स्वयंपाकघरात जायची.

पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपलं आणि रॅकमागे ओल आली. दिवाळीच्या आधी भिंत खरवडून रंगवायची ठरली. रंगारी भिमाजी आला, त्याने रॅक थोडा हलवून पाहिला आणि सोडून दिला.

"काका, लय वजन हे याला. सगळं खाली काढल्याबिगर हालायचं नाय."

ढुंढिराजांनी एक दिवस घालवून सगळ्या रेकॉर्ड्स स्वतः काढल्या आणि बेडरूमच्या भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केल्या. लतिकाला त्यांनी मदत करू दिली नाही. दुसऱ्या दिवशी ते पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले आणि नेमकं तेव्हाच भिमाजीच्या लक्षात आलं, की ओल बेडरूमच्या कोपऱ्यातही उतरली आहे. लतिकाने जागा दाखवली, भिमाजीने आणि त्याच्या जोडीदाराने गठ्ठे उचलले. डायनिंग टेबलाखाली, गॅलरीत, शिलाई मशीनवर, जिथे जागा मिळेल तिथे. फार जपून ठेवले. एक कव्हरसुद्धा दुमडलं नाही.

ढुंढिराज परत आले, घरभर एक चक्कर मारून आले.

"फुटली नाही ना कुठली?"

"एकही नाही."

"मग झालं," म्हणाले आणि पंख्याखाली बसले.

लतिकाला आत कुठेतरी थोडा आनंदच झाला होता. इतकी वर्षं मनात होतं ते आता आपोआप करावं लागणार होतं. तिने रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

"अहो, परत लावायच्याच आहेत तर नीट नोंद करून लावू. हल्ली त्याची सॉफ्टवेअरं मिळतात. मी बघते कुठलं चांगलं आहे ते."

"बघ," ते म्हणाले. "तुझं क्षेत्र आहे ते."

दुसऱ्या दिवसापासून लतिका लॅपटॉपला चिकटली. पुण्याहून तेजश्री, त्यांची मुलगी, फोनवर नावं सुचवायची आणि लतिका एकेक उतरवून पाहायची. पहिलं होतं त्याला म्हणे फक्त कॅमेरा दाखवायचा, कव्हरवरचा बारकोड वाचून ते बाकीचं सगळं स्वतःच भरणार. लतिकाने तीस-चाळीस कव्हरं उलटीसुलटी करून पाहिली, तेव्हा कुठे एकावर बारकोड सापडला. तोही कुठल्या तरी दुकानदाराने नंतर चिकटवलेला निघाला आणि सॉफ्टवेअरने खात्रीने सांगितलं, की ही साबणाची वडी आहे.

दुसरं ग्रंथालयांसाठीच केलेलं, तिच्या हाताखालून गेलेलं. तिने पाच-सहा नोंदी भराभर केल्याही. ढुंढिराज मागे उभे राहून वाचत होते.

"देय दिनांक. म्हणजे?"

"वाचकाने परत करायची तारीख."

"आपल्याकडून कोण घेऊन जाणार आहे?"

"ते रिकामं सोडता येतं."

"दंड पण आहे खाली," ते म्हणाले आणि पाणी प्यायला निघून गेले.

तिसरं परदेशी होतं, दिसायला फार देखणं. कव्हरांची चित्रं भिंतीवर लावल्यासारखी दिसायची. पण ते गाणाऱ्याच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव म्हणून घ्यायचं आणि त्याप्रमाणे लावायचं. तासाभरात त्यात बुवा आणि बाई अशी दोन मोठी घराणी तयार झाली. खाँसाहेबांचं तिसरं. तेजश्रीला हे सांगताना लतिकाला इतकं हसू आलं, की ढुंढिराज गॅलरीतून आत आले आणि काय झालं म्हणून विचारून तेही हसले.

ही शोधाशोध तिला आवडायला लागली होती. प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं काहीतरी विचारत असे आणि त्यावरून ते कुणी, कसल्या माणसाने बनवलं असेल याचा ती अंदाज बांधत बसायची. एकाला रेकॉर्डचं वजन हवं होतं. एकाला विकायची आहे का हे आधी हवं होतं, ऐकायची आहे का हे कुठेच नव्हतं. शेवटी जे निवडलं ते साधंच होतं. देवनागरी घ्यायचं, 'मालति' लिहिलं तरी 'मालती' शोधून द्यायचं, कप्प्याचा आणि जागेचा नंबर ठेवायचं. रकाने ठरलेले होते, त्यांत भर घालता येत नव्हती. पण जे होते ते पुरेसे होते असं तिला तेव्हा वाटलं.

मग दिवाळी होऊन थंडी पडेपर्यंत दोघं दुपारी टेबलाशी बसत. ढुंढिराज लेबलावरचं वाचून दाखवत, ती टाइप करी. त्यांचा सगळा जन्म नोटांच्या तपासणीत गेलेला. शाईचा ठिपका, कागदाची सुरकुती, जरा हललेला आकडा यावर त्यांची नजर पटकन जायची. रेकॉर्डची स्थिती सांगतानाही तसंच. "बाजू दोन, शेवटच्या इंचात चरा. सुई उडत नाही, पण कळतं." लतिकाला हे सगळं भरून घेताना मजा येत होती. रेकॉर्ड्स पुन्हा रॅकवर चढल्या, प्रकाराप्रमाणे, मग कलाकाराप्रमाणे, मग वर्षाप्रमाणे. कप्प्यांवर तिने छोटी लेबलं लावली. परीक्षा म्हणून ढुंढिराजांनी एक आडवळणाचं नाव घेतलं आणि तिने फोनवर दोन अक्षरं टाइप करून सांगितलं, तिसरा कप्पा, अकरावी. तिथेच होती.

"वा," ते म्हणाले. "उत्तम झालं."

डिसेंबर अर्धा संपत आला असेल. एका संध्याकाळी लतिका मेथी निवडत होती आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की घर शांत आहे. पाच वाजून गेले होते. नोकरीत असताना पहिल्या पाळीहून आल्यावर आणि निवृत्त झाल्यापासून तर रोजच, चहा झाला की ढुंढिराज रेकॉर्ड लावायचे. दोन, कधी तीन. आज नव्हती लावली. काल? तिला आठवेना. तिने हॉलमध्ये डोकावलं. ते खुर्चीत बसून फोन बघत होते. नोंदींचंच सॉफ्टवेअर उघडलं होतं, यादी वरखाली होत होती. मग त्यांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि स्टेशनपर्यंत जाऊन येतो म्हणाले.

त्यानंतर तिने लक्ष ठेवलं. कधी ते एक रेकॉर्ड लावायचे. ती संपली की उठून रॅकपाशी जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि प्लेअरचं झाकण लावून बाहेर पडायचे. ऐकू कमी यायला लागलं का, असं तिला आधी वाटलं. तसं नव्हतं, कुकरच्या शिट्ट्या ते हॉलमधून मोजत होते. प्लेअर बिघडला का? तोही नाही. सॉफ्टवेअर वापरायला जड जातंय का? तेही नाही, त्यांना तिच्याइतकंच येत होतं.

शेवटी चहाचा कप हातात देऊन ती समोरच बसली.

"रेकॉर्ड का लावत नाही तुम्ही हल्ली?"

"लावतो की."

"एक लावता आणि उठता."

ढुंढिराजांनी कप दोन्ही हातांत धरला. बोलावं की नाही, असा विचार करताहेत हे तिला दिसत होतं.

"मागेन ती सापडते," ते म्हणाले. "त्यात काही कमी नाही. पण एक संपली की पुढे कोणती, ते कळत नाही."

"म्हणजे? हवी ती लावायची."

"तसं कधी केलंच नाही ना मी. शेजारची घ्यायचो."

लतिकाला समजलं नाही. मग ते सावकाश सांगत गेले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे तीनच रेकॉर्ड्स होत्या. त्यांपैकी एक संपल्यावर लगेच दुसरी लावली की कान बिथरायचा, तिसरी लावली की बरं वाटायचं. म्हणून ती तिसरी त्यांनी पहिलीच्या शेजारी ठेवली. चौथी आणली तेव्हा ती कुणानंतर बरी वाटते हे दोनतीन दिवस लावून पाहिलं आणि तिथे सरकवली. पुढे सगळ्यांचं असंच. एका रेकॉर्डचा शेवट जिथे सोडतो तिथून दुसरीची सुरुवात हात धरते का, एवढंच बघायचं. रोज जिथे थांबतील तिथली रेकॉर्ड ते बोटभर बाहेर ओढून ठेवत, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. असं रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वर्ष लागायचं. मग परत पहिल्यापासून.

"ती बाहेर आलेली मी पुसताना आत ढकलायचे," लतिका म्हणाली.

"हो. मग मी शोधत बसायचो."

"आणि नवी आणली की आठवडा आठवडा टेबलावर पडलेली असायची."

"तिची जागा मिळत नसायची."

लतिकाला थोडा रागही आला होता. दोन महिने दुपारच्या दुपार हा माणूस समोर बसून लेबलं वाचत होता.

"मग मी नोंदी करत होते तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? तू विचारायचीस, कलाकार कोण, साल कुठलं. त्याला उत्तर होतं. हे तुझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. आणि तू किती हौसेने करत होतीस. शिवाय मला वाटलं, डोक्यात आहेच सगळं. पण डोक्यात नव्हतंच ते. रॅकमध्येच होतं."

त्या रात्री लतिकाला हाच विचार लागून राहिला. नोकरीत पुस्तकं मांडताना तिने विषय पाहिले, लेखक पाहिले, आकार पाहिले. वाचणाऱ्याने एक मिटल्यावर कुठलं उघडावं, याप्रमाणे लावलेलं ग्रंथालय तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि असं एक आपल्याच हॉलमध्ये होतं, त्याच्या समोरून ती मान वळवून जात होती. आता राग मागे पडला होता. आता तिला तो क्रम हवा होता, नुसता बघायला म्हणून का होईना.

दुसऱ्या दिवशी चहानंतर तीच म्हणाली, "ती सरोदची लावा बरं. तुमची आवडती, भूपाची."

त्यांनी लावली. लतिका आत भाजी फोडणीला टाकायला गेली. सरोद द्रुत लयीत गेला, संपला, सुई उचलल्याचा आवाज झाला. आणि कढईवर झाकण ठेवता ठेवता तिच्या कानांत एक आवाज सुरू झाला. बाईचा, जरा घोगरा, मागे एकच टाळ. ती हात पुसत बाहेर आली.

"यानंतर ते भजन. त्या बाईंचं, ज्यांचा आवाज बसल्यासारखा वाटतो. सुरुवातीला टाळ वाजतो नुसता."

ढुंढिराज तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाचव्या कप्प्यात हात घातला, रेकॉर्ड काढली, लावली. टाळ वाजला. बाई गायला लागल्या. दोघंही उभीच होती.

"बरोबर," ते हळूच म्हणाले. "हीच. तुला कसं माहीत?"

"मला कुठे माहीत? मी आत होते."

पस्तीस वर्षं ती आत होती, कणीक मळत, डाळ शिजवत, तेजश्रीचा डबा घासत. रॅकमधला क्रम तिने पाहिला नव्हता, पण तो तिच्या कानांवरून दरवर्षी एकदा गेला होता. ढुंढिराजांचं लक्ष रेकॉर्डवर असायचं, तिचं आपल्या कामात. आणि कुठली संपल्यावर कुठली येते, हे त्यांच्याइतकंच, काही ठिकाणी त्यांच्याहून जास्त, तिच्या अंगात मुरलेलं होतं. एखादी रेकॉर्ड संपली, की पुढचीचा पहिला सूर तिला आधीच ऐकू यायचा. नाव मात्र सांगता यायचं नाही. "ती तुतारीसारखं काहीतरी वाजतं ती," असं ती म्हणायची आणि मग ढुंढिराज ओळखायचे.

आता सॉफ्टवेअर पुन्हा शोधावं लागणार होतं. तिने तेजश्रीला फोन केला.

"आई, अगं सगळं भरून झालंय ना तुझं?"

"मला असं हवंय, की एका रेकॉर्डला दुसरी बांधता आली पाहिजे. हिच्या आधी ही, हिच्यानंतर ही."

तेजश्रीने विचारलं, "वंशावळ करायचं असतं तसं?"

लतिकाने खरोखरच वंशावळीचं एक उतरवून पाहिलं. सरोदचा भूप तिने वडील म्हणून भरला आणि भजनाची रेकॉर्ड मुलगी म्हणून. इतपत ठीक चाललं होतं. पण सॉफ्टवेअरला मुलीची आई हवी होती आणि भूपाच्या लग्नाची तारीख. ढुंढिराज म्हणाले, भूप अविवाहित आहे असं लिहून टाक. त्याला ते मान्य झालं नाही. गाण्यांची यादी करणारं एक पाहिलं, त्याला गाणी फोनमध्येच असायला हवी होती. आठवडाभर असं चाललं. अखेर तेजश्रीनेच एक सांगितलं, ज्यात काहीच ठरलेलं नव्हतं. उघडलं की कोरं पान. रकाने आपले आपण पाडायचे आणि एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे दोरी ओढायची. ग्रंथपाल म्हणून लतिकाला असलं काही आवडलं नसतं, पहिल्या दिवशी तर तिला भीतीच वाटली. तिने जुन्या नोंदी त्यात आणल्या आणि प्रत्येकीला दोन नवे रकाने पाडले. एकाचं नाव 'आधी', दुसऱ्याचं 'नंतर'.

मग रोज संध्याकाळी काम सुरू झालं. याला काम म्हणावं का, असाही प्रश्न होता, कारण रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पुढची आठवायची नाही. मधूनच सुई ठेवून चालायचं नाही, ते दोघांनीही करून पाहिलं. म्हणून रोज तीन, फार तर चार रेकॉर्ड्स. कधी ढुंढिराजांना आधी आठवायचं, कधी तिला. कधी दोघांना दोन वेगळ्या आठवायच्या आणि मग दोन्ही लावून बघायचं. कधी कुणालाच काही नाही. अशा रेकॉर्ड्स तिने खालच्या कप्प्यात, आपल्या जुन्या पद्धतीने, कलाकाराच्या नावाप्रमाणे लावून ठेवल्या. तो कप्पा जानेवारी संपेपर्यंत फारसा रिकामा झाला नव्हता. वरच्या कप्प्यांत मात्र पाच-सहांच्या, कुठे पंधरा-वीसांच्या साखळ्या तयार होत होत्या.

तिला प्रश्नही पडत होते, आणि आता ती ते विचारत होती. ही लहान मुलांची गाणी कव्वालीनंतर का? "टाळ्या," ढुंढिराज म्हणाले. "कव्वाली टाळ्यांवर संपते. मुलांची गाणी टाळ्यांवर सुरू होतात." तिने पुन्हा लावून ऐकलं. खरंच. आणि या लावणीनंतर ही इतकी गंभीर सनई कशाला? त्यावर त्यांनी बराच विचार केला. "माहीत नाही. बरं वाटतं." तिने तिसरा रकाना पाडला होता, 'का' नावाचा. त्यात बऱ्याच ठिकाणी 'बरं वाटतं' एवढंच भरलं गेलं.

फेब्रुवारीत एकदा जलतरंगाची एक रेकॉर्ड संपली आणि दोघंही थांबली. जलतरंगाच्या पुढे काय होतं ते कुणालाच आठवेना. एरवी ही खालच्या कप्प्यात गेली असती, पण लतिकाने तिला जाऊ दिलं नाही.

"एक लावून बघू? तुमची नसेल ही. मला वाटतंय म्हणून."

"बघ."

तिने रॅकमधून एक पातळ, छोटी रेकॉर्ड काढली. ओव्यांची, एका अनोळखी गावच्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या. ढुंढिराजांच्या चेहऱ्यावर शंका दिसली. सुई टेकली. आधी नुसती जात्याची घरघर, बराच वेळ, मग एका बाईचा आवाज. जलतरंगाचं पाणी कानांत अजून हलत होतं आणि त्याखाली दगड फिरायला लागला.

ढुंढिराजांनी बाजू पूर्ण ऐकली.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "ओव्या मी तबल्यानंतर ठेवल्या होत्या. ते मला पक्कं आठवतं."

"मग काढू?"

"नको." त्यांनी कव्हर हातात घेऊन मागेपुढे पाहिलं. "मी जलतरंगाच्या जवळपास असलं काही ठेवायचा विचारच केला नसता. तबल्यानंतरही राहू दे आणि इथेही. चालतं का तुझ्या त्यात? दोन ठिकाणांहून दोरी?"

तिने लॅपटॉप जवळ ओढला. चालत होतं. रॅकमध्ये रेकॉर्ड एकाच जागी उभी राहू शकते, यात मात्र तिला दोन 'आधी' देता येत होत्या. तिने जलतरंगाच्या 'नंतर'मध्ये ओव्या लिहिल्या आणि 'का' या रकान्यापाशी थांबली.

"काय लिहू?"

"तू सांग. तू लावलीस."

लतिकाला सांगता येईना. पाणी, दगड, घरघर, असले शब्द तिने मनात फिरवून पाहिले आणि सोडून दिले. रकाना तिने तसाच रिकामा ठेवला.

"उद्या परत लावू दोन्ही," ती म्हणाली. "मग बघते सुचतंय का."

"उद्या कशाला," ढुंढिराज म्हणाले आणि जलतरंगाची रेकॉर्ड पुन्हा कव्हरातून काढायला लागले.